सिरोंचा जिल्ह्याचं ठिकाण होतं तेव्हा

मंडळी, पत्रिकेवर विषय ‘गोदावरीकाठची प्रशासनव्यवस्था’ असा छापलाय. त्याकडे मी येणारच आहे. पण आधी माझ्या एका अर्जाची गोष्ट सांगू द्या, कारण ती घडली नसती तर मी या विषयाच्या वाटेलाही गेलो नसतो.

कॉलेजसाठी घर सोडलं आणि एका कार्यालयात फॉर्म भरला. जन्मगाव : ग्लासफोर्डपेठा. खिडकीतल्या बाबूंनी फॉर्म वाचला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “परदेशातला जन्म असेल तर शेजारची खिडकी.” (हसू नका, शेजारच्या खिडकीत मी खरंच उभा राहिलो होतो!) म्हटलं, “साहेब, तालुका सिरोंचा.” तर म्हणाले, “ते आंध्रात ना?” आणि लाल शाईने शेरा मारला : गावाचे नाव तपासून लिहावे.

आता तपासायचं म्हणजे घरी जायचं. आलापल्लीचं जंगल पार करून एसटीने दिवसभर. तलाठ्याकडून दाखला घेतला, तर गोल शिक्क्यातला नेमका ‘ग्ला’ उमटला नव्हता. तलाठी भला माणूस. त्याने शिक्का पुन्हा शाईत दाबला आणि दोन्ही अंगठ्यांचा जोर लावून मारला. तो कागद अजून माझ्याकडे आहे, मागच्या बाजूलाही अक्षरं उठून आलीत. तेव्हा आजोबा म्हणाले, “हे साहेबाचं नाव रे. आपलं सिरोंचा जिल्ह्याचं ठिकाण होतं तेव्हाचा डिप्टी.” मी थक्क. शाळेत हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तो साहेब ग्लासफर्ड. १८६० मध्ये निजामाने गोदावरी-प्राणहितेच्या डाव्या काठचे तालुके इंग्रजांना दिले, त्यातून ‘अपर गोदावरी’ जिल्हा झाला, ठाणं सिरोंचा. ग्लासफर्ड तिथला डेप्युटी कमिशनर. बस्तरवरचा त्याचा १८६२ चा अहवाल अभ्यासक आजही उघडतात. तो लिहिणारा माणूस आमच्या प्राणहितेकाठी राहत होता!

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? बरं, पाच. मग मूळ मुद्दा भराभर सांगतो.

इतक्या दूर, एवढ्या जंगलात जिल्हा कशाला? कापसासाठी. वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा बोटींनी समुद्रापर्यंत न्यायचा, हा आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याचा ध्यास. आडवे आले तीन खडकाळ टप्पे : दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि आमच्या अहेरीजवळचं देवलमरी. कॅप्टन हेगने वर्षानुवर्षं तिथे कालवे, बंधारे बांधले. पण १८६७ ला नागपूरला रेल्वे आली, कापूस मुंबईकडे वळला आणि १८७१ ला नदीचं काम थांबवलं. बोटी नाहीत, मग जिल्हा कशाला ठेवायचा? १८७४ ला तो मोडला. भद्राचलम, रेकापल्ली मद्रासकडे गेले, सिरोंचा चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जोडलं. पुढे चेर्ला, आल्बाका, नुगूरही मद्रासला गेले. एका जिल्ह्याचे तुकडे आज महाराष्ट्र, तेलंगणा आणि आंध्र अशा तीन राज्यांत आहेत.

माझं म्हणणं एवढंच, की आमचा भाग मुळात ‘शेवटचं टोक’ नव्हता. नदीकडे पाहून आखलेल्या जिल्ह्याचं ते ठाणं होतं. ज्या दिवशी राज्यकर्त्यांनी नदीकडे पाठ केली, त्या दिवशी आम्ही टोकाला गेलो. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, चांगलंच झालं. तरी सिरोंच्याहून जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या वरच राहिलं. उलट कालेश्वरचा पूल २०१६ ला सुरू झाल्यापासून आमची माणसं आजारी माणसाला घेऊन नदी ओलांडतात आणि तेलंगणातलं वरंगल गाठतात. सातबारा इकडे, दवाखाना तिकडे.

अहेरीचा वेगळा जिल्हा करा, ही मागणी बरीच वर्षं चालू आहे. ती फाईल ज्या कुणाच्या टेबलावर असेल, त्यांना माझी हात जोडून विनंती : एकदा अपर गोदावरीचा तो जुना नकाशा शेजारी ठेवा. आणि ग्लासफोर्डपेठा नीट लिहा, गाव आहे ते.