जपानमधली आजी-आजोबांची सरकारी सुट्टी, सुरुवात मात्र गावजेवणाने!

नमस्कार मंडळी! जपानमध्ये सप्टेंबरचा तिसरा सोमवार म्हणजे केइरो नो हि, ज्येष्ठांच्या सन्मानाची सरकारी सुट्टी. बातम्यांत काय दाखवतात, तर शंभरी गाठलेल्या आजी हातात सरकारने भेट दिलेला चांदीचा पेला घेऊन बसल्यात. छानच आहे, पण मला विचाराल तर खरी गंमत पेल्यात नाहीये, जेवणात आहे.

साल १९४७. देश युद्ध हरलेला, खायचे वांधे, कितीतरी घरांतली तरुण पोरं लढाईत गेलेली. अशात ह्योगो प्रांतातल्या नोमादानी नावाच्या खेड्याचे सरपंच कादोवाकी मासाओ, वय अवघं ३५, त्यांनी ठरवलं की गावातल्या ५५ च्या पुढच्या सगळ्यांना बोलवायचं, जेवू घालायचं आणि गाव कसं सावरायचं ते त्यांनाच विचारायचं. तारीख धरली १५ सप्टेंबर, कारण शेतीची कामं जरा निवांत आणि हवाही बरी. म्हणजे बघा, नुसतं पाया पडून मोकळं व्हायचं नव्हतं, सल्ला हवा होता! हीच कल्पना पसरत पसरत १९६६ ला राष्ट्रीय सुट्टी झाली, आणि २००३ पासून सोमवारवर गेली, लाँग वीकेंड मिळावा म्हणून, चालायचंच.

आजही गावोगावी हॉलमध्ये ‘केइरोकाई’ भरते, पोरांची गाणी, नाच आणि मग जेवण. त्यात बरेचदा सेकिहान असतो, म्हणजे चिकट तांदूळ आणि अझुकी नावाचं बारीक लाल कडधान्य, ते उकडलेलं पाणी तांदळाला लावून वाफवतात म्हणून भात मस्त गुलाबी होतो, वरून काळे तीळ आणि मीठ. टोकियोकडे अझुकीऐवजी सासागे घालतात, म्हणजे चक्क आपली चवळी! कारण काय सांगतात, तर अझुकीचं साल शिजताना फुटतं, आणि सामुराईंच्या शहरात ते पोट फाडल्यासारखं, अपशकुनी वाटायचं.

आता तो पेला. १९६३ ला सुरू केला तेव्हा शंभरीवाले होते १५३. २०२४ ला? ९५ हजारांच्या वर! मग काय, २०१६ पासून पेल्याला नुसता चांदीचा मुलामा. जेवणाचंही तेच, काही ठिकाणी पंगत बंद करून घरपोच बेंतो म्हणजे डबा देतात, काही गावांनी आमंत्रणाचं वय ७० वरून ७५ वर नेलं, त्यामुळे सत्तरीतले काका-काकू पंगतीत नाही, वाढायला उभे!