हात एका सॉफ्टवेअरमध्ये, गाणं दुसऱ्यात

पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: ‘रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर बदलताना प्रोजेक्ट सुखरूप कसा न्यावा’. त्यावर बोलणारच आहे. पण आधी एक गोष्ट मला मोकळी करू द्या. ती फार दिवस पोटात आहे आणि इथे बसलेल्यांचे चेहरे बघता सगळे एकदा तरी सॉफ्टवेअर बदलून पस्तावलेले दिसतात. जे अजून पहिल्याच सॉफ्टवेअरशी एकनिष्ठ आहेत त्यांनी कृपया हात वर करू नये, बाकीचे जळतील.

सॉफ्टवेअर बदललेल्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘याचा आवाजच वेगळा आहे हो!’ कुणाला लॉजिक या सॉफ्टवेअरचा आवाज गोड लागतो, कुणाला प्रो टूल्सचा भरीव. क्यूबेसवाले दोघांनाही हसतात. रीपरवाले वादात पडत नाहीत, ते तेवढ्या वेळात आपल्या सॉफ्टवेअरसाठी एखादा छोटा प्रोग्राम लिहून मोकळे होतात.

माझा एक कीबोर्ड वाजवणारा मित्र आहे. त्यानं एका गाण्याचे सगळे ट्रॅक, म्हणजे एकेका वाद्याचं वेगळं रेकॉर्डिंग, जुन्या सॉफ्टवेअरमधून काढून रीपरमध्ये टाकले, फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या दांड्या) जिथल्या तिथे ठेवले आणि मला फोन केला. ‘अरे, गळा काय पुढे आलाय! बेस बघ, किक बघ. इतकी वर्षं मी आंधळा होतो.’ म्हटलं, दोन्ही मिक्स घेऊन ये. मीटर लावून बघितलं तर गळा, बेस आणि किक ड्रम बरोबर ३ डीबीनं (डेसिबलनं) वर. पॅडचे लांबवलेले सूर आणि पियानो, म्हणजे स्टीरिओ ट्रॅक, मात्र होते तिथेच.

आता हे का झालं? मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा, ट्रॅक मधोमध ठेवला की तो दोन्ही स्पीकरमधून येतो, म्हणून कडेला असतो त्यापेक्षा मोठा वाटतो. ते सावरायला बहुतेक सॉफ्टवेअर मधला आवाज थोडा उतरवतात. कुणी ३ डीबी, कुणी २.५, कुणी ४.५. यालाच पॅन लॉ म्हणतात. रीपर मुळात काहीच उतरवत नाही, सेटिंगमध्ये जाऊन आपण सांगितलं तर उतरवतं. स्टीरिओ ट्रॅकचं गणित वेगळं, म्हणून पॅड जागचे हलले नाहीत. म्हणजे मिक्सच बदललं होतं, आणि श्रेय गेलं सॉफ्टवेअरला! शिवाय कानाला जे मोठं ते चांगलं वाटतं, हा तर आपल्या धंद्यातला जुना आजार.

मग दोन्हीकडे पॅन लॉ सारखा केला, प्लगइन, म्हणजे वाद्यांचे नि इफेक्टचे जोडप्रोग्राम, सगळे बंद, तेच गाणं पुन्हा बाऊन्स केलं, म्हणजे ऑडिओ फाइल म्हणून बाहेर काढलं. एका फाइलचा फेज, म्हणजे ध्वनिलहर, उलटा करून दोन्ही एकत्र वाजवल्या. दोन फाइल तंतोतंत सारख्या असतील तर एकमेकींना खाऊन टाकतात आणि काही ऐकू येत नाही. काही ऐकू आलं नाही. मित्रानं हेडफोन दोन्ही हातांनी दाबून ती शांतता लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाला, ‘पण रीपरची जरा गोड आहे.’ (हशा)

हसू नका, तुमच्यातले निम्मे तेच म्हणणार आहेत. आणि फरक कधीच नसतो असंही नाही. एबलटन लाइव्हमध्ये लांब फाइल ओढून टाकली की ते ती आपणहून वॉर्प करतं, म्हणजे तुमच्या टेम्पोला जुळवायला ताणतं किंवा आक्रसतं. ते बंद करायला विसरलात तर आवाज खरोखरच बदलतो. ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने) फाइल ४८च्या सेशनमध्ये गेली की रूपांतर होतं, त्याची प्रतही सगळीकडे सारखी नसते. पूर्वी प्रो टूल्सचं मिक्सर टीडीएम नावाच्या खास कार्डांवर फिक्स्ड पॉइंट गणितानं, म्हणजे ठरावीक अंकांतच आकडे मांडून, चालायचं, तेव्हाच्या वादात थोडं तरी तथ्य होतं. आज ट्रॅकांच्या साध्या बेरजेत ते उरलेलं नाही. असो, मी भरकटतोय.

खरं घोडं अडतं ते बोटांशी. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरचं एकच अक्षर घ्या, एस. क्यूबेसमध्ये, लॉजिकमध्ये, लाइव्हमध्ये एस दाबला की ट्रॅक सोलो होतो, म्हणजे तो एकटाच ऐकू येतो. रीपरमध्ये एस दाबला की क्लिप, म्हणजे ट्रॅकवरचा रेकॉर्डिंगचा तुकडा, कापली जाते. कुठलीच क्लिप निवडलेली नसेल तर कर्सरखाली येणाऱ्या सगळ्या ट्रॅकवरच्या क्लिपा कापल्या जातात! गंमत म्हणजे ऐकताना काहीच कळत नाही, कारण तुकडे जागेवरच असतात. तासाभरानं तुम्ही गळ्याची ओळ जरा मागे सरकवायला जाता आणि अर्धीच ओळ हातात येते. प्रो टूल्समध्ये कीबोर्ड फोकस (एकेका अक्षरानं आज्ञा देण्याची सोय) चालू असेल तर तोच एस कर्सरच्या पुढचा क्लिपचा भाग छाटून टाकतो. गायक पलीकडे काचेआड उभा, तुम्ही त्याचा टेक सोलो करून ऐकायला जाता, आणि पडद्यावरून शेवटची ओळ गायब. अनडू आहे हो, पण गायकाचा चेहरा अनडू होत नाही.

अनेक वर्षं हात बसलेला असतो तो असा एका फटक्यात परका होतो. यावर कंपन्यांचा उपाय म्हणजे उसने कीमॅप, दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या शॉर्टकटचे नकाशे. स्टुडिओ वन तर क्यूबेस, लॉजिक, प्रो टूल्सचे शॉर्टकट तयारच देतं. माझं मत विचाराल तर सगळा नकाशा उसना घेऊ नका. सोलो, कापणं, रेकॉर्ड आणि झूम एवढंच आपलं ठेवा, बाकी नव्याचं शिका. नाहीतर मदत मागायला जाल तेव्हा समोरचा सांगेल ते बटण तुमच्याकडे भलतंच काहीतरी करेल.

आणि प्रत्येक जण हौसेनं बदलतो असंही नाही. २००२ साली ॲपलनं लॉजिक बनवणारी ईमॅजिक कंपनी विकत घेतली आणि लॉजिकची विंडोजवरची आवृत्ती बंद केली. विंडोजवर लॉजिक चालवणाऱ्यांपुढे दोनच वाटा, मशीन बदला नाहीतर सॉफ्टवेअर. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये गिब्सन कंपनीनं केकवॉक सोनार या सॉफ्टवेअरचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. लोकांनी धावपळ करून नवी सॉफ्टवेअर घेतली आणि २०१८च्या फेब्रुवारीत बँडलॅब कंपनीनं ते घेऊन पुढे फुकट वाटायला सुरुवात केली. ज्यांनी घाईत पैसे खर्च केले होते त्यांच्याशी मी त्या काळात सोनारबद्दल बोलत नसे. (हशा)

संयोजक घड्याळ दाखवताहेत. बरं, मूळ विषय. भराभर लिहून घ्या.

प्रोजेक्ट फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल ही आशा सोडा. एएएफ आणि त्याआधीचं ओएमएफ हे देवाणघेवाणीचे फॉरमॅट क्लिपांच्या जागा आणि फेड (आवाजाचे चढउतार) नेतात, फार तर व्हॉल्यूम. प्लगइन मागे राहतात. मिडी फाइल, म्हणजे कुठला सूर कधी वाजवायचा याच्या नुसत्या सूचना, सूर आणि टेम्पो नेते, वाद्याचा आवाज नेत नाही. २०२३ साली बिटविग आणि प्रिसोनसनं डॉप्रोजेक्ट नावाचा खुला फॉरमॅट आणला, त्यात मिडी, ऑटोमेशन (गाणं चालू असताना आपोआप होणारे बदल) आणि प्लगइनची स्थितीसुद्धा जाते. क्यूबेस १४नं तो घेतला. तुमच्या दोन्ही बाजूंना तो असेल तर आधी तोच वापरून बघा. पण सॉफ्टवेअरसोबत येणारी वाद्यं बहुधा कशातूनच जात नाहीत. लॉजिकसोबतचं अल्केमी हे वाद्य लॉजिकमध्येच राहणार. आणि लॉजिक फक्त एयू प्रकारचे प्लगइन घेतं, प्रो टूल्स एएएक्स प्रकारचे, तेव्हा विकत घेतलेला प्लगइन दोन्ही रूपांत आहे ना, ते आधी बघा.

म्हणून गाणं संपलं की त्याच दिवशी प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून पूर्ण लांबीचा बाऊन्स करा, मधला भाग रिकामा असला तरी. सगळ्या फाइल एकाच बिंदूपासून सुरू झाल्या की कुठेही टाका, जुळतात. एक प्रत कोरडी, म्हणजे इफेक्टशिवाय, एक इफेक्टसकट. सोबत मिडी, रफ मिक्स, आणि फाइलच्या नावात टेम्पो नि सॅम्पल रेट. टेम्पो मध्ये बदलत असेल तर मिडी फाइलमधला टेम्पो मॅप जपा, नुसता आकडा कामाचा नाही. जुने प्रोजेक्ट असतील तर जुनं सॉफ्टवेअर उघडतंय तोवरच हे उरका. लायसन्स संपल्यावर मला फोन करू नका.

मिडल सीचं, म्हणजे पियानोवरच्या मधल्या सी सुराच्या नावाचं, भांडण राहिलंच. मिडीतल्या ६० नंबरच्या या सुराला क्यूबेस आणि लॉजिक सी३ म्हणतात, एफएल स्टुडिओ सी५ म्हणतं आणि संगीताची पुस्तकं सी४. तेव्हा कीस्विच, म्हणजे वाद्य वाजवण्याची तऱ्हा बदलणारे सूर, वहीत उतरवताना सुराचं नाव लिहू नका, मिडीचा आकडा लिहा.