बाळंतिणीला कुणी विचारलं का?

नमस्कार मंडळी, आज बाळंतिणीबद्दल बोलूया, म्हणजे डिंकाचे लाडू, शेक-शेगडी यांच्याबद्दल नाही, ते सांगायला घरोघरी आज्या आहेतच, मी बोलतेय तिच्या मनाबद्दल.

डिलिव्हरीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे खूप जणींना होतं, हार्मोन्स एकदम खाली आलेले असतात, झोपेचं खोबरं झालेलं असतं, आणि साधारण दोन आठवड्यांत ते आपोआप निवळतं. पण त्यानंतरही मन उभारी धरत नाही, बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागत नाही, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही, 'मी आई व्हायच्या लायकीचीच नाही' हेच सारखं डोक्यात, तर ते डिप्रेशन असू शकतं. आणि आपल्याकडे सव्वा महिना सगळं घर तिच्या दिमतीला, मग एकदा सासरी रवानगी झाली की विचारायला कोणी नाही.

शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयात याचा अभ्यास केला, तो २००२ साली छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना डिप्रेशन होतं! आणि मला जास्त लागलं ते पुढचं, त्यातल्या ७८ टक्के जणींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. म्हणजे सोनोग्राफी झाली, हिमोग्लोबिन झालं, डोहाळजेवण थाटात झालं, तिला विचारायचं तेवढं राहिलं. कारणं आपल्या ओळखीचीच, पैशाची ओढाताण, नवऱ्याशी न पटणं, आणि त्यात मुलगी झाली की आणखी भर. पुढच्या वर्षी त्यांनी बाळांबद्दलही लिहिलं, अशा आयांची बाळं सहाव्या महिन्यात वजनात, लांबीत आणि विकासाच्या चाचणीत मागे पडायचं प्रमाण जास्त होतं.

असं का होत असेल? अमेरिकेत एड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी खेळते आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा एकदम कोरा ठेवते. बाळ आधी हसून बघतं, हुंकार देतं, हात पुढे करतं, काहीच परत येत नाही म्हटल्यावर कावरंबावरं होतं आणि मान फिरवतं. आता डिप्रेशनमधल्या आईला हा चेहरा मुद्दाम करावा लागत नाही, तिच्यात ताकदच उरलेली नसते. म्हणून तिला 'लक्ष दे गं बाळाकडे' म्हणून टोचू नका, रात्रीचं एक लंगोट बदलणं आपल्याकडे घ्या. बाबालोकहो, हे तुम्हाला आहे, आणि हो, डिप्रेशन तुम्हालाही येऊ शकतं, लपवू नका.

औषधं घेतली तर दूध तोडावं लागेल या भीतीने बऱ्याच जणी डॉक्टरकडे जातच नाहीत, पण स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी औषधं आहेत, फक्त मनाने घेऊ नका, डॉक्टरला विचारा. तिला भास होत असतील, भलतेच संशय येत असतील, स्वतःला किंवा बाळाला काही करायचे विचार येत असतील तर अंगारे-धुपारे करत बसू नका, एकटं सोडू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि नुसतं बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही चालू असते, पेन घ्या हातात, १४४१६. परत सांगते, एक चार चार एक सहा.