दोन सेकंदांचे पाणी

श्रोतेहो, नमस्कार. चित्र ही डोळ्यांनी पाहण्याची वस्तू आहे आणि आपल्याकडे या वेळी फक्त कान आहेत, ही अडचण मला ठाऊक आहे. तरीही इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी यांचे एक चित्र असे आहे की ते बरेचसे सांगून दाखवता येते, आणि खरे सांगायचे तर ते सांगता यावे म्हणूनच मी हा विषय घेतला आहे.

हॉकनी यांचा जन्म 1937 साली यॉर्कशरमधील ब्रॅडफर्ड या गिरण्यांच्या, धुरकट आभाळाच्या शहरात झाला. पाच भावंडांतले ते चौथे. ब्रॅडफर्डच्या कलाशाळेतून ते 1959 साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेले. तेथे अंतिम परीक्षेसाठी लागणारा निबंध लिहायला त्यांनी नकार दिला, पदविका मिळणार नाही असे दिसताच स्वतःच एक थट्टेखोर पदविका कोरून छापली, आणि अखेर 1962 साली कॉलेजनेच नमते घेऊन त्यांना सुवर्णपदकासह उत्तीर्ण केले. (चित्रकाराकडून निबंध मागण्याची ही हौस आपल्याकडेही आहे, मला ती कधीच पटली नाही.)

1964 साली ते लॉस एंजेलिसला पोहोचले. ब्रॅडफर्डच्या माणसाला तेथे दोन गोष्टींनी भुरळ घातली: लख्ख ऊन आणि घरोघरचे पोहण्याचे तलाव. आता त्या चित्राकडे येतो. त्याचे नाव ‘अ बिगर स्प्लॅश’, म्हणजे ‘आणखी मोठी उसळी’. साल 1967. त्या वेळी हॉकनी बर्कलीच्या विद्यापीठात शिकवत होते. पाण्याच्या उसळीची दोन लहान चित्रे त्यांनी आधीच काढली होती, म्हणून हिचे नाव ‘आणखी मोठी’.

डोळे मिटून पाहा. सुमारे आठ फूट लांब आणि तितकाच रुंद कॅनव्हास. वर सपाट निळे आभाळ, त्याखाली मोठ्या काचांचे बैठे गुलाबी घर, दोन उंच, किडकिडीत ताडासारखी झाडे, अंगणात एक रिकामी खुर्ची. पुढे निळा तलाव, आणि खालच्या कोपऱ्यातून तिरकी आत आलेली पिवळी फळी. त्या फळीवरून कोणीतरी नुकतीच उडी मारली आहे. माणूस दिसत नाही, फक्त उसळलेले पांढरे पाणी दिसते.

आभाळ, भिंत आणि तलाव हे सारे त्यांनी ॲक्रिलिक रंगाने, रोलर फिरवून भरले. घराला रंग काढताना आपण पाहतो तोच रोलर. कडा सरळ याव्यात म्हणून चिकटपट्टी लावायची, रंग फिरवायचा, पट्टी ओढून काढायची. एवढा मोठा भाग असा झटपट उरकला. मग राहिले ते उसळलेले पाणी. हॉकनी सांगत असत की खरी उसळी दोन सेकंद टिकते आणि ती रंगवायला त्यांना दोन आठवडे लागले. पुन्हा सांगतो, दोन सेकंदांचे पाणी आणि दोन आठवड्यांचे काम. कुंचला एकदा झटकला असता तर तसे शिंतोडे क्षणात उडाले असते आणि ते खपूनही गेले असते. पण त्यांनी लहान कुंचले घेऊन एकेक पांढरी रेघ, एकेक थेंब सावकाश रंगवला. हल्ली फोनवर चित्र पाहणारा माणूस बोट सरकवायला दोन सेकंदही घेत नाही, याचा मला अनेकदा राग येतो, पण ते असो.

घड्याळाकडे पाहता पुढची पन्नास वर्षे थोडक्यात सांगावी लागतील. 1972 सालचे त्यांचे तलावाचे दुसरे एक चित्र 2018 मध्ये नऊ कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले, आणि हयात चित्रकारासाठी तो तेव्हाचा उच्चांक ठरला. ‘सर’ ही पदवी त्यांनी नाकारली, मात्र 2012 साली ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा ब्रिटनचा मोठा सन्मान स्वीकारला. यॉर्कशरला परतून त्यांनी तेथील झाडे रंगवली. सत्तरी ओलांडल्यावर आयपॅड हाती घेतले, आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या जुन्या चर्चमधील रंगीत काचांच्या खिडकीचा आराखडा त्यावरच केला.

‘अ बिगर स्प्लॅश’ 1981 पासून लंडनच्या टेट संग्रहालयाच्या मालकीचे आहे. आपल्यापैकी कोणी तिकडे गेलात आणि ते मांडलेले असेल, तर आधी लांबून पाहा, मग पाण्याच्या अगदी जवळ जा आणि त्या पांढऱ्या रेघा मोजण्याचा प्रयत्न करा. नमस्कार.