आधी छेद बघा

नमस्कार मंडळी. गणपतीत अंताक्षरी असते, पाककृती स्पर्धा असते, मुलांचं नाटुकलं असतं, त्यात एक संध्याकाळ गणिताला दिली याबद्दल मंडळाचं मनापासून कौतुक करते. पुढे अकरावी-बारावीची मुलं दिसतायत, छान, पण मागच्या खुर्च्यांवरच्या आजी-आजोबांनी पण जागं राहायचंय, तुम्हाला पण एक गणित घालणार आहे.

आजचा जाहीर केलेला विषय, छेदात क्ष असलेल्या असमता (इनइक्वालिटी), म्हणजे ≥ किंवा ≤ अशी चिन्हं असलेली गणितं, कशा सोडवायच्या. फळ्यावर लिहिते. (क्ष + १)/(क्ष − ३) ≥ २. क्षच्या कोणत्या किमतींना हे खरं? मुलं मनात काय करतायत ते मला इथून दिसतंय, क्ष − ३ उचललं, पलीकडे नेऊन गुणलं, क्ष + १ ≥ २क्ष − ६, म्हणून क्ष ≤ ७, झालं, चला पुढचं. असं कोणी कोणी केलं, हात वर करा बरं. हं, बरेच आहेत. आता क्षच्या जागी शून्य ठेवा. शून्य सातपेक्षा लहान, म्हणजे चालायला हवं. वर १, खाली वजा ३. वजा एक तृतीयांश हे दोनपेक्षा मोठं, कोणत्या गावात?

माझं सांगणं एवढंच आहे आणि ते मी जिथे बोलावतील तिथे सांगते. असलं गणित समोर आलं की आधी छेद बघायचा. हा शून्य कधी होतो, आणि हा धन आहे की ऋण हे मला माहीत आहे का? ही दोन उत्तरं वहीत लिहिल्याशिवाय पुढची ओळ लिहायची नाही.

आणि शून्याचं नाव निघालं की ग्वाल्हेरच्या माणसाला तसंच पुढे जाता येत नाही. किल्ल्यावर ग्वाल्हेर गेटकडून चढायला लागलं की वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, खडकातच कोरलेलं, विष्णूचं, अगदी छोटंसं. इथले किती जण आत गेलेत? मानमंदिर सगळ्यांनी पाहिलंय, सासबहू पाहिलंय, पाहुणे आले की लाइट अँड साउंड शोला पण नेतो, आणि हे देऊळ मात्र गाडीनं वर जाणाऱ्यांच्या वाटेतच येत नाही म्हणून राहून जातं. तिथे शिलालेख आहे, इसवी सन ८७६ चा. मजकूर म्हणाल तर देणगीचा साधा हिशोब, देवळाच्या बागेसाठी २७० हात बाय १८७ हात जमीन, आणि देवाला रोज ५० माळा. पण त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य बघा, छोटंसं गोल, आज आपण वहीत काढतो तसंच. तारीख पक्की असलेली, अंक म्हणून कोरलेली जी जुनी शून्यं भारतात आहेत त्यात हे अगदी मानाचं आहे, गणितातली माणसं परदेशातून ते बघायला येतात. मी शाळेत शिकवत असताना वर्गातली मुलं घेऊन जायचे, टॉर्च धरून एकेकाला ते गोल शोधायला लावायचे, ज्याला सापडेल तो ओरडायचा, आणि मग बाकीची त्याच्या डोक्यावरून वाकून बघायची. मुलांना अभिमान वाटावा म्हणून तर नेतच होते, पण शून्याशी जपून वागायचं असतं हे पण त्यांच्या मनात बसावं असं मला वाटायचं.

कारण शून्य लिहिणं वेगळं आणि शून्यानं भागणं वेगळं. ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये धन-ऋणाचे नियम लिहिले, ऋण गुणिले ऋण धन, ते आपण आजही तसेच शिकवतो. पण शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं पण त्यानं लिहिलं, ते पुढे टिकलं नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी छेदात शून्य असलेल्या राशीला खहर असं वेगळं नावच देऊन ठेवलं. एवढी मोठी माणसं जिथे थबकली तिथे आपला अकरावीतला मुलगा क्ष − ३ नं गुणून मोकळा होतो आणि त्याला कोणी टोकत नाही, याचा मला त्रास होतो.

आता भाचीचं सांगते, कारण खरं दुखणं ते आहे. पुस्तकात, म्हणजे एनसीईआरटीच्या अकरावीच्या, लिनिअर इनइक्वालिटीजचा धडा आहे, ऋण संख्येनं गुणलं की असमतेचं चिन्ह उलटतं, ≥ चं ≤ होतं, हा नियम तिथे स्वच्छ दिलाय. छेदात क्ष असलेली गणितं मात्र मुलांना बहुतेक कोचिंगमध्येच भेटतात, आणि तिथे भेटते ती वेव्ही कर्व्ह. अंश किंवा छेद जिथे शून्य होतो तिथे नंबर लाइनवर टिंबं काढा, उजवीकडून वरून सुरू करा, लाट काढत डावीकडे या, वर प्लस, खाली मायनस. पद्धत चांगली आहे, माझं तिच्याशी भांडण नाही. पण पोरीनं सरांना विचारलं की लाट प्रत्येक टिंबाला का ओलांडते, आणि एका गणितात एका टिंबाला टेकून परत का फिरली? सर म्हणाले, याद कर लो, पेपर में टाइम नहीं मिलेगा. कोणतं कोचिंग ते सांगत नाही. वहीत तिनं लाल पेननं लिहून ठेवलंय, इव्हन पॉवर, टच करके वापस, म्हणजे घात सम असला की लाट टेकून परत. बस, कारण नाही. अकरावीतली मुलगी का म्हणून विचारते आणि तिला टाइम नाही म्हणून गप्प बसवतात, अहो, तो एक प्रश्न म्हणजे तो अख्खा धडा आहे! लाखाच्या घरात फी घेता, एका का-ला पाच मिनिटं द्या की.

सेक्रेटरी काका घड्याळ दाखवतायत, आठला आरती आहे, हो, आवरते. म्हणजे जे सांगायचं जाहीर केलं होतं ते आता भरभर.

गुणायचं नाही, कारण क्ष − ३ धन की ऋण हे क्ष ठरल्याशिवाय कळत नाही. २ अलीकडे आणा, एकच अपूर्णांक करा, (७ − क्ष)/(क्ष − ३) ≥ ०. अंश ७ ला शून्य, छेद ३ ला. रेषेचे तीन तुकडे झाले. आता भाचीच्या का-चं उत्तर: एका तुकड्याच्या आत चिन्ह बदलूच शकत नाही. सलग आलेख धनातून ऋणात जायचा तर मध्ये शून्य लागतंच, बोल्झानो नावाच्या गणितज्ञानं १८१७ मध्ये हे नीट सिद्ध केलं. आणि इथे शून्य येतं ते फक्त अंश शून्य झाला की, आलेख तुटतो तो फक्त छेद शून्य झाला की. म्हणून प्रत्येक तुकड्यातून एकच संख्या ठेवून बघा. ० ठेवा, ऋण. ५ ठेवा, धन. १० ठेवा, ऋण. मधला तुकडा आपला. ७ घ्यायचा, तिथे शून्य मिळतं आणि शून्य चालतं. ३ कधीच नाही, तिथे अपूर्णांकच नाही, वर ≥ लिहिलेलं असलं तरी नाही. उत्तर ३ < क्ष ≤ ७.

टेकून परत फिरायचं कारण, (क्ष − २)²/(क्ष − ५) ≤ ० घ्या. वर्ग २ च्या अलीकडे पण धन, पलीकडे पण धन, मग २ ला चिन्ह कशाला बदलेल? सगळं छेदावर, उत्तर क्ष < ५, त्यात २ पण आला. २ ला लाट ओलांडलीत तर २ ते ५ एवढंच हाती लागेल, पण शून्य ठेवा, ४ भागिले वजा ५, चक्क चालतंय.

आजी-आजोबांचं राहिलं. स्मरणिकेचा ठरलेला खर्च ९००० रुपये, वर प्रत्येक प्रतीला ४०, एक प्रत ७० च्या आत पडायला किती छापायच्या? (९००० + ४०न)/न ≤ ७०. इथे न प्रतींची संख्या आहे, धनच असणार, तेव्हा खुशाल गुणा, ९००० ≤ ३०न. किती? हां, आजी बरोबर, निदान ३००.

मुलांनो, घरी १/क्ष < १ सोडवा आणि उद्या प्रसादाच्या वेळी मला दाखवा. नुसतं क्ष > १ लिहून आणलंत तर परत पाठवीन, आधी वजा एक ठेवून बघा.