नववी इनिंग आणि बटणावरचं बोट

(दृश्य : रात्रीचं सिटी फील्ड. कुंपणातलं बंद दार.)

न्यूयॉर्क. ३१ ऑगस्ट २०२२. बेसबॉलचा सामना, मेट्स विरुद्ध डॉजर्स. नऊपैकी आठ इनिंग, म्हणजे डाव, संपल्यात आणि मेट्सकडे एका रनची आघाडी आहे, दोनास एक. कुंपणातलं हे दार उघडतं आणि मेट्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एडविन डियाझ धावत मैदानात येतो.

पण आत्ता त्याच्याकडे बघू नका. कॅमेरा वळतोय तिकडे बघा. हातात ट्रम्पेट घेऊन उभा असलेला हा माणूस ऑस्ट्रेलियाचा आहे, टिमी ट्रम्पेट. डियाझ मैदानात येताना जी धून रेकॉर्डवर वाजते, ती आज तो स्वतः वाजवणार आहे. आदल्या रात्रीही तो इथेच होता. पण त्या रात्री मेट्स हरत होते, डियाझला बोलवायचं कारणच नव्हतं. त्यामुळे पाहुणा आला, पण ज्यासाठी आला ते गाणं राहूनच गेलं.

(ट्रम्पेटचा आवाज पूर्ण. निवेदन थांबतं.)

डियाझला का बोलवलं नाही, ते समजलं की हा सगळा प्रकार समजतो.

बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा पिचर सहसा शेवटपर्यंत टिकत नाही. त्याचा हात दमला की कुंपणाजवळच्या बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर बसतात त्या जागेतून, दुसरा येतो, मग तिसरा. हे रिलीफ पिचर. त्यांच्यातला सगळ्यात भरवशाचा, तो क्लोजर. त्याला राखून ठेवतात नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगसाठी, आणि तेही आपला संघ थोडक्यात पुढे असेल तेव्हा. तीन बॅटर बाद करायचे आणि आघाडी सांभाळायची. जमलं तर त्याच्या नावावर एक ‘सेव्ह’ जमा होतो. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्टझमन यांनी ही कल्पना मांडली आणि १९६९ पासून सेव्हची अधिकृत नोंद व्हायला लागली.

म्हणजे ज्याच्या येण्यावर सामना अडलेला असतो, तो तीन तास नजरेआड बसलेला असतो. मग दार उघडतं आणि त्याला एकट्याने सगळं मैदान ओलांडून मधल्या माउंडपर्यंत, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यापर्यंत, यावं लागतं. सगळं स्टेडियम बघत असतं आणि खेळ थांबलेला असतो. ही रिकामी जागा कशाने तरी भरायला हवी होती. ती भरली ते मैदानावर कधीच न दिसणाऱ्या माणसांनी. आपली गोष्ट त्यांची आहे.

(दृश्य : जुनं यांकी स्टेडियम. पट्टेरी छोटी मोटार.)

ही गाडी पाहा. डॅटसन. यांकीज या न्यूयॉर्कच्या दुसऱ्या संघाच्या गणवेशावर असतात तशाच उभ्या रेघा हिच्या अंगावर रंगवल्यात. साल १९७२. त्या काळी बुलपेनमधून पिचरला अशा गाडीत बसवून आणायची पद्धत होती. आत बसलाय स्पार्की लाइल, त्याच वर्षी बॉस्टनहून यांकीजकडे आलेला डावखुरा. गाडी थांबते, लाइल उतरतो, जॅकेट काढून पोराकडे फेकतो आणि चघळत चघळत माउंडवर चढतो.

आणि वरून ऑर्गनवर वाजतंय ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’. अमेरिकेत हे संगीत पदवीदान समारंभात वाजतं, झगे घातलेली मुलं रांगेने चालत येतात तेव्हा. ते वाजवलं यांकीजचे ऑर्गनवादक टोबी राइट यांनी, आणि कल्पना होती संघाच्या प्रसिद्धी विभागातल्या मार्टी अॅपल यांची. एक तरुण कर्मचारी आणि एक ऑर्गनवादक, दोघांनी ठरवलं आणि करून टाकलं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. दार उघडायच्या आधीच ऑर्गनचे पहिले सूर ऐकून लोक उभे राहायला लागले.

लाइलला मात्र त्याचं दडपण यायला लागलं, त्याने ते बंद करायला सांगितलं आणि ते बंद झालं.

(दृश्य : शिकागो. ऑर्गनच्या पट्ट्यांवर बोटं.)

शिकागोमध्ये नॅन्सी फाउस्ट. व्हाइट सॉक्सच्या ऑर्गनवादक, १९७० पासून. स्टेडियमचा ऑर्गन तोवर साधारणपणे ठरावीक चालींवरच फिरायचा. फाउस्ट यांनी त्यावर रेडिओवरची गाणी आणली. खेळाडूच्या नावावरून, गावावरून, नंबरावरून गाणं शोधायचं आणि तो येताना वाजवायचं. पुष्कळदा त्यात मिस्कील कोटी असायची, ज्याला कळली तो हसायचा. १९७७ मध्ये प्रतिस्पर्धी पिचर मार खाऊन बाहेर निघाला की त्या ‘ना ना हे हे’ सुरू करायच्या आणि हजारो लोक त्याला गात गात घरी पाठवायचे. येतानाच्या गाण्याइतकंच जातानाचं गाणंही गाजलं, हे मला फार आवडतं. २०१० पर्यंत, एक्केचाळीस हंगाम त्या त्या बाकावर होत्या. या विषयावर बोलताना लोक पिचरांची नावं घेतात. माझ्या लेखी यादी इथून सुरू होते.

पुढे १९८९ मध्ये ‘मेजर लीग’ हा विनोदी चित्रपट आला. त्यात चार्ली शीनने रंगवलेला रिकी वॉन, चेंडू कुठे जाईल याचा नेम नसलेला पिचर, ‘वाइल्ड थिंग’ गाण्यावर मैदानात येतो आणि अख्खं स्टेडियम नाचतं. खऱ्या बेसबॉलने हे पडद्यावरून उचललं. मिच विल्यम्स नावाच्या खऱ्याखुऱ्या बेभरवशी पिचरला तेच टोपणनाव पडलं. १९९३ मध्ये फिलाडेल्फियाकडून खेळताना त्याने नंबरही वॉनचाच घेतला, ९९. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, त्याच्या चेंडूवर जो कार्टरने मारलेल्या होम रनने, म्हणजे थेट कुंपणापार गेलेल्या फटक्याने, संपली.

(दृश्य : सॅन डिएगो. पूर्ण अंधार नाही, पण सगळे उभे. घंटा.)

मराठी नाट्यगृहात तिसरी घंटा झाली की बोलणी थांबतात, वडापाव तोंडातच राहतो. ही घंटा तशी आहे. फक्त ऐकणारे हजारो आहेत, आणि ती एकदा वाजून थांबत नाही.

२५ जुलै १९९८. सॅन डिएगो पाड्रेसचा क्लोजर ट्रेव्हर हॉफमन सलग एक्केचाळिसाव्या सेव्हसाठी येतोय, त्या वेळच्या विक्रमाच्या बरोबरीसाठी. पाड्रेसच्या कर्मचाऱ्यांनी त्याच्यासाठी एसी/डीसीचं ‘हेल्स बेल्स’ काढून ठेवलंय. १९८० सालचं गाणं. गिटार नंतर येते, आधी नुसती घंटा, जड आणि संथ. दोन ठोक्यांच्या मध्ये बराच वेळ जातो. हीच त्यातली खुबी. त्या वेळात दार उघडतं, आकृती दिसते, लोक ओळखतात आणि ओरडतात, मग पुढचा ठोका पडतो. ज्याने हे गाणं निवडलं त्याने मैदानाची रुंदी आणि माणसाची चाल, दोन्ही मोजली असणार असं वाटतं.

गंमत अशी, की एवढ्या धाकाने येणाऱ्या हॉफमनचं हत्यार होतं मंद चेंडू. खांद्याच्या दुखापतीनंतर त्याचा वेग गेला होता. तो चेंजअपवर जगला, म्हणजे हात वेगाने फिरतो आणि चेंडू रेंगाळत येतो. घंटेने बॅटरला घाई लावायची आणि हॉफमनने त्याला वाट बघायला लावायची. ६०१ सेव्ह झाले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यांकीज वर्ल्ड सिरीजसाठी सॅन डिएगोला आले. तिसऱ्या सामन्यात घंटा वाजली, हॉफमन आला आणि स्कॉट ब्रोशसने त्याला तीन रनांचा होम रन मारला. यांकीज सिरीज चार-शून्य जिंकले. पण सॅन डिएगोच्या लोकांचं घंटेवर जे होत होतं, ते यांकीजच्या माणसांच्या डोक्यात राहिलं. जिंकलेल्याने हरलेल्याची वस्तू घरी नेली.

(दृश्य : न्यूयॉर्क. ४२ नंबरची पाठ.)

मारियानो रिव्हेरा. पनामातल्या पोर्तो कायमितो या कोळ्यांच्या गावचा, मच्छीमाराचा मुलगा. त्याच्यासाठी गाणं शोधायचं काम १९९९ मध्ये यांकीजच्या स्कोअरबोर्ड विभागाकडे आलं. त्यांनी वेगवेगळी गाणी वाजवून पाहिली. एक वाजवायचं आणि स्टँडकडे बघायचं. लोक बसलेलेच राहिले तर दुसरं लावायचं. मग तिथल्या एकाने घरून स्वतःच्या सीडी आणल्या. त्यात मेटॅलिकाचं ‘एंटर सॅन्डमॅन’ होतं. लावलं आणि शोध संपला.

रिव्हेराला विचारलं नव्हतं. तो धार्मिक माणूस, हेवी मेटलशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. गाणं आहे लहान मुलाच्या भयस्वप्नांचं, झोपेची वाळू डोळ्यात टाकणाऱ्या लोककथेतल्या माणसाचं. आणि त्यावर येतोय हा शांत चेहरा, मान खाली, हलकी धाव. पुन्हा बघा. गाणं धावतंय, हा धावत नाहीये. त्याच्याकडे मुख्यतः एकच चेंडू होता, कटर, म्हणजे शेवटच्या क्षणी किंचित वळणारा वेगवान चेंडू, आणि तो कुठला टाकणार हे समोरच्याला माहीत असायचं. ६५२ सेव्ह, हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे.

न्यूयॉर्कच्या दुसऱ्या टोकाला २००६ मध्ये मेट्सनी बिली वॅगनरला आणलं आणि तोही त्याच गाण्यावर यायला लागला. शहरात वाद झाला. वॅगनरचं म्हणणं, मी हे आधीपासून वापरतोय. रिव्हेराला त्याचं काहीच वाटलं नाही. भांडत होते ते प्रेक्षक. गाणं तोवर त्यांचं झालं होतं.

(दृश्य : २२ सप्टेंबर २०१३. मैदानावर मेटॅलिका.)

रिव्हेराच्या निरोपाच्या दिवशी बँड स्वतः आला. सीडीतून सुरू झालेली गोष्ट चौदा वर्षांनी खऱ्या गिटारींपर्यंत पोचली. यांकीज तो सामना हरले.

डियाझचं गाणंही ध्वनिकक्षातूनच आलेलं. ‘नार्को’, ब्लास्टरजॅक्स ही डच जोडी आणि टिमी ट्रम्पेट यांचं. २०१८ मध्ये तो सिअॅटलला होता तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने सुचवलं. त्या हंगामात त्याचे ५७ सेव्ह झाले. २०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये संघाचा बाहुला, बेसबॉलच्या आकाराच्या डोक्याचा मिस्टर मेट, खोटं ट्रम्पेट घेऊन नाचायला लागला.

घरी बसलेल्यांना मात्र यातलं काही दिसत नव्हतं. पिचर बदलतो तेव्हा टीव्हीवर जाहिराती लागतात, त्यामुळे प्रवेश संपल्यावरच प्रेक्षक परत येतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मेट्सचे सामने दाखवणाऱ्या एसएनवाय वाहिनीचे दिग्दर्शक जॉन डीमार्सिको यांनी एकदा जाहिरात टाळली. एकच कॅमेरा, डियाझच्या मागोमाग, दारापासून माउंडपर्यंत, एकही कट नाही. तो तुकडा हा आहे. त्यावर मी बोलणार नाही.

(चाळीस सेकंद निवेदन नाही.)

२०२३ च्या मार्चमध्ये प्वेर्तो रिकोच्या संघाकडून खेळताना, सामना जिंकल्यावर आनंदाने उड्या मारताना डियाझचा गुडघा गेला आणि तो अख्खा हंगाम खेळला नाही.

(दृश्य : जपान. कोशिएन, हान्शिन टायगर्स संघाचं मैदान. हजारो लोक गाताना.)

सगळीकडे घंटा आणि भयस्वप्नंच लागतात असं नाही. हान्शिन टायगर्सचा क्लोजर क्युजी फुजिकावा याचं गाणं ऐका. लिंडबर्ग या बँडचं, नव्वदच्या दशकातलं, हळुवार प्रेमगीत. जपानमध्ये बॅटरसाठी स्टँडमधले वादक सतत ट्रम्पेट वाजवत असतात, पण या गाण्याला वाद्यांची गरज नव्हती. फुजिकावा दारातून निघाला की लोक ते गायला लागायचे, आणि हा पुढे येऊन बॅटरला डोळे दिपतील असा फास्टबॉल टाकायचा. ध्वनिकक्षाने पहिली ओळ लावून दिली की पुढचं काम स्टँडचं.

फुजिकावा २०२० मध्ये निवृत्त झाला. २०२५ मध्ये तो टायगर्सचा मॅनेजर झाला आणि पहिल्याच हंगामात संघाने जपानच्या दोन लीगपैकी सेंट्रल लीग जिंकली. बुलपेनमधून कुणाला कधी बोलवायचं, हे आता तो ठरवतो. तो पंचांना खूण करतो, आणि वर ध्वनिकक्षात कुणाचं तरी बोट बटणावर तयार असतं.