घराजवळचं ऑफिस

नमस्कार श्रोतेहो. २०२०च्या टाळेबंदीत लॅपटॉप घरी आला आणि तेव्हापासून आपला वाद दोनच जागांभोवती फिरतोय: शहरातलं ऑफिस की घर? आज मला तिसऱ्या जागेबद्दल बोलायचंय. घरापासून चालत जाता येईल असं, अनेक कंपन्यांच्या माणसांनी मिळून वापरायचं कामाचं केंद्र.

ही कल्पना जुनी आहे. १९७३ साली अमेरिकेत जॅक निल्स यांनी लॉस एंजलिसमधल्या एका विमा कंपनीबरोबर प्रयोग सुरू केला. त्यांनी माणसांना घरी बसवलं नाही. त्यांच्या वस्तीजवळ छोटी कार्यालयं उघडली. रोजचा लांबचा प्रवास वाचवायचा, एवढाच हेतू होता. घरोघरी संगणक यायला तेव्हा अजून बराच अवकाश होता.

आज आयर्लंडमध्ये हे मोठ्या प्रमाणावर दिसतं. तिथल्या सरकारने २०२१मध्ये ग्रामीण विकासाचं धोरण आणलं आणि देशभर अशा चारशेहून अधिक केंद्रांचं जाळं विणायचं ठरवलं. त्याआधीच, २०१६ साली, कॉर्क परगण्यातल्या स्किबरीन या लहानशा गावात लडगेट हब सुरू झालं होतं. ज्यांचं नाव या हबला दिलंय, ते पर्सी लडगेट याच गावात जन्मले. १९०९मध्ये त्यांनी गणनयंत्राचा आराखडा प्रसिद्ध केला होता. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळाने होरपळलेलं, पिढ्यान्‌पिढ्या माणसं बाहेर पाठवणारं हे गाव. तिथे वेगवान फायबर आलं आणि डब्लिनची, परदेशातली कामं गावात बसून होऊ लागली.

आपल्याकडे याची गरज मला सगळ्यात जास्त बायकांसाठी वाटते. बाई घरून काम करते म्हणजे ती ‘घरीच’ असते. मीटिंग चालू असताना कुकर लावायचा, कुरियर घ्यायचं, पाहुण्यांना चहा द्यायचा. पुरुष दार लावून बसला तर घर दबक्या आवाजात बोलतं. तिने दार लावलं तर ते लगेच ठोठावलं जातं. तिला पगाराइतकीच एका खुर्चीची गरज आहे, आणि ती खुर्ची घराबाहेर हवी.

आणि ही सवय आपल्याला नवी नाही. पुण्यात स्पर्धा परीक्षेची मुलं महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेत बसतातच ना? गावोगावी सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. कितीतरी ठिकाणी दुपारी वाचनकक्ष रिकामा असतो. तिथे भरवशाचं इंटरनेट, वीज गेली तर इन्व्हर्टर, फोनवर बोलायला एक बंद खोली आणि स्वच्छ स्वच्छतागृह, एवढं झालं तरी सुरुवात होईल.

अडचण पैशांची आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या आसपास केंद्र सरकारच्या मदतीवर अशी केंद्रं चालत. २०११मध्ये तो निधी थांबला. म्हणजे फक्त सरकारी मदतीवर विसंबून चालणार नाही. पण खुर्चीचं भाडं कर्मचाऱ्याच्या खिशातूनही जाता कामा नये, असं माझं ठाम मत आहे. शहरातल्या जागेचं भाडं कंपनीच भरत होती. त्यातला थोडा वाटा तिने संगमेश्वरच्या किंवा चाळीसगावच्या खुर्चीसाठी द्यावा. नोकरीची बोलणी करताना पगाराबरोबर हेही मागा.